कारूऱ्यापासून डायलिसिसपर्यंत : मूत्रविकारांच्या इतिहासावर एक दृष्टिक्षेप

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेच उभे राहते. माणसाच्या दुखण्यांनाही इतिहास असतो व तोही शिकण्यासारखा असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्यातून दुखणे लघवीचे असेल तर विचारावयासच नको! ताप, खोकला, पोटदुखी यांविषयी आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलतो. परंतु लघवीला आग होते, ती तुंबते, तिच्यातून रक्त जाते, हे सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. या संकोचाची किंमत माणसाने हजारो वर्षे मोजली आहे आणि आजही मोजत आहे. म्हणून या विकारांची ओळख त्यांच्या इतिहासाच्या अंगाने करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शरीराची थोडी माहिती घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर व वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते व दीड-दोन लिटर तेवढे लघवीच्या रूपाने बाहेर टाकते. मूत्रपिंडातून निघालेल्या दोन नळ्या लघवी मूत्राशयात आणून सोडतात आणि तेथून ती मूत्रमार्गाने बाहेर पडते. या वाटेवर खडा अडकला, जंतू शिरले किंवा मूळ गाळणीच बिघडली की निरनिराळे विकार उद्भवतात. मूत्रपिंड फार सोशीक आहे. निम्म्याहून अधिक काम थांबले तरी ते पुष्कळदा कुरकुर करीत नाही, आणि हा त्याचा गुणच रोग्याच्या घातास कारण होतो.

मुतखडा : एक पुरातन वैरी

या विकारांपैकी सर्वांत जुना पुरावा मुतखड्याचा मिळतो. इजिप्तमधील एल अम्रा येथे १९०१ साली एका मुलाच्या थडग्यात मूत्राशयातील खडा सापडला. तो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा होता. लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेला हा खडा १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. ग्रीक वैद्यांच्या सुप्रसिद्ध शपथेत, आपण मुतखड्यासाठी शस्त्र चालवणार नाही, ते काम त्यातील जाणकारांवर सोपवू, असे वचन आहे. त्या काळी ही शस्त्रक्रिया किती जिवावरची मानली जात असे, याची यावरून कल्पना यावी.

आपल्याकडे सुश्रुताने मात्र हे शस्त्र हाती घेतले. सुश्रुतसंहितेत मुतखड्याला अश्मरी म्हटले असून तिचे चार प्रकार सांगितले आहेत. रोग्याला कसे बसवावे, खडा बोटाने खाली कसा आणावा, छेद कोठे व केवढा घ्यावा, याचे तपशीलवार वर्णन तेथे आहे. खड्याचा लहानसा कणही आत राहू देऊ नये, नाही तर तोच पुन्हा वाढतो, असा इशाराही आहे. शस्त्रक्रिया न करावी तर मृत्यू निश्चित आणि करावी तर यश अनिश्चित, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे सुश्रुत सांगतो. आज शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर सही घेतात, तिच्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही.

हे ज्ञान भारतातच राहिले नाही. खलिफा हारून अल-रशीदच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीस, त्याचा वजीर याह्या बर्मकी याच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ बगदादेत अरबीत आणला. ‘सुस्रुद’ या नावाने तो तेथे ओळखला जाऊ लागला. पुढे रय्य व बगदाद येथील रुग्णालयांचा प्रमुख असलेला अल-राझी (सुमारे ८६५ ते ९२५) याने आपल्या लिखाणात ग्रीक वैद्यांच्या बरोबरीने या भारतीय ग्रंथाचाही आधार घेतला. मूत्रपिंड व मूत्राशय यांतील खड्यांवर त्याने स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याचे फ्रेंच भाषांतर १८९६ साली हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले.

त्यानंतरचे मोठे नाव म्हणजे स्पेनमधील कुर्तुब्याचा शल्यवैद्य अल-झहरावी (सुमारे ९३६ ते १०१३). त्याच्या ‘अल-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथातील शस्त्रक्रियेच्या भागात हत्यारांची चित्रे काढलेली आहेत. मूत्रमार्गात खडा अडकून लघवी बंद झाल्यास काय करावे? खड्याच्या मागे दोरा आवळावा म्हणजे तो मागे सरकत नाही. मग बारीक टोकाचे गिरमिट आत घालून हलक्या हाताने फिरवीत खडा पोखरावा, म्हणजे त्याचा चुरा लघवीबरोबर बाहेर पडतो, असे तो सांगतो. चाकू न लावता खडा आतल्या आत फोडण्याच्या कल्पनेचे हे एक फार जुने रूप होय.

याच ग्रंथात स्त्रियांच्या मुतखड्यासंबंधी अल-झहरावीने जे लिहिले आहे, ते आजही विचार करावयास लावते. स्त्रीवर हा उपचार करणे अवघड आहे, असे तो म्हणतो. याची कारणे सांगताना तो शरीररचनेवर थांबत नाही. कुलीन स्त्री पुरुष वैद्यास आपले दुखणे दाखवीत नाही आणि या विद्येत निपुण अशी स्त्री वैद्य क्वचितच मिळते, हेही तो स्पष्टपणे लिहितो. अशा वेळी जाणत्या स्त्री वैद्याचा शोध घ्यावा. ती न मिळाल्यास अनुभवी सुइणीला जवळ बसवून, आपण सांगत जावे व तिने करीत जावे, असा मार्ग त्याने सुचविला आहे. संकोच हा रोगाइतकाच मोठा अडथळा आहे आणि त्यावरचा उपाय म्हणजे शिकलेली स्त्री, हे एक हजार वर्षांपूर्वीच्या शल्यवैद्याला कळले होते. बाराव्या शतकात त्याच्या या भागाचे लॅटिन भाषांतर झाले व पुढे कित्येक शतके युरोपातील शल्यवैद्य ते वाचीत राहिले.

शस्त्र आणि ताटातले अन्न

युरोपात सॅम्युअल पेपीस या इंग्रज गृहस्थाचा मुतखडा २६ मार्च १६५८ रोजी भूल न देता काढण्यात आला. तो वाचला आणि त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी मेजवानी देऊ लागला! १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हियाल याने मूत्रमार्गातून हत्यार घालून खडा आतच फोडून दाखविला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील इस्पितळांत मुतखड्याचे रोगी इतके येत की येथले शल्यवैद्य या कामात जगप्रसिद्ध झाले. इंदूर येथे डॉ. कीगन यांनी लहान मुलांचे खडेही चाकू न लावता फोडून काढता येतात, हे सिद्ध केले. डॉ. फ्रायर यांनी रामपूरच्या नबाबाचा खडा काढला, तेव्हा त्यांना एक लाख रुपये बक्षीस मिळाले. आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्युनिक येथे केवळ ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी, शरीराच्या बाहेरूनच, माणसाच्या मूत्रपिंडातील खडा प्रथम फोडण्यात आला.

परंतु नबाबाचा खडा लाख रुपयांना निघाला म्हणून गरिबाच्या मुलाचा खडा कसा निघणार? जुन्या काळी मूत्राशयाच्या खड्याचे रोगी बहुतांशी लहान मुले असत, आणि तीही गोरगरिबांची. रोमन लेखक सेल्सस याने तर ही शस्त्रक्रिया ९ ते १४ वर्षांच्या मुलांवरच करावी असे लिहून ठेवले आहे. या कोड्याचा उलगडा करण्यासाठी रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९२० नंतरच्या काळात दक्षिणेतील कुन्नूर येथे उंदरांवर प्रयोग केले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या मूत्राशयात खडे झाले; आहार सुधारला तेव्हा ते टळले. पुढे थायलंडच्या ईशान्य भागातील पाहणीतही असेच दिसले. तेथे तान्ह्या मुलांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत चिकट भात भरवण्याची रीत होती. त्यांच्या लघवीत खडा बनविणारे कण अधिक आढळत. नुसत्या धान्यावर वाढणारे, दूध-डाळ-अंडी न मिळणारे मूल हे या खड्याचे भक्ष्य होते. जेथे आहार सुधारला तेथे मुलांचा हा रोग मागे हटत गेला. ज्या खड्यापुढे हजारो वर्षे शस्त्राने हात टेकले, त्याला अखेर ताटातल्या अन्नाने हरविले.

आज मोठ्या माणसांत आढळतो तो मुख्यतः मूत्रपिंडाचा खडा. कमरेपासून जांघेपर्यंत येणारी असह्य कळ, मळमळ, लघवीतून रक्त ही त्याची लक्षणे. पाणी कमी पिणे, उन्हातान्हातील घामाचे काम, मिठाचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे. लहान खडे बहुधा आपोआप निघून जातात. मात्र कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे समजू नये; वाट अडवून बसलेला मुका खडा मूत्रपिंड निकामी करू शकतो.

कारूरा : रोगाचा आरसा

युनानी हकीम तपासणीसाठी घेतलेल्या लघवीला ‘कारूरा’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ काचेची कुपी. उत्तर आफ्रिकेतील कैरवान येथील यहुदी हकीम इसहाक अल-इस्राइली याने लघवीच्या परीक्षेवर ग्रंथ लिहिला, तो अकराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला. इब्न सीना (९८० ते १०३७) याने आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात या परीक्षेचे नियमच घालून दिले. लघवी सकाळची पहिली असावी, त्यापूर्वी काही खाल्ले-प्यालेले नसावे, केशरासारखा रंग देणारा पदार्थ पोटात गेलेला नसावा. मग रंग, दाटपणा, गढूळपणा, वास, फेस, तळाशी बसणारा गाळ व प्रमाण पाहावे. आजही मूत्रपिंडाच्या कित्येक तपासण्यांसाठी डॉक्टर सकाळचीच पहिली लघवी मागवितात. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी प्रमेहाचे वीस प्रकार मानले होते व मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हेही टिपले होते.

दुर्दैवाने पुढे युरोपात या परीक्षेचा बाजार झाला. रोग्याला न पाहता नुसत्या कुपीवरून भविष्य सांगणारे भोंदू निपजले आणि चांगल्या विद्येची बदनामी झाली. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली ती लंडनच्या गायज् इस्पितळातील डॉ. रिचर्ड ब्राइट (१७८९ ते १८५८) यांनी. अंगावर सूज चढलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवीत. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळे. म्हणजे तीतून प्रथिन जात होते! असे रोगी दगावल्यावर ब्राइट यांनी त्यांची मूत्रपिंडे तपासली, तर ती रोगट झालेली आढळली. सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केला. एक चमचा व एक मेणबत्ती एवढ्या साहित्यावर मूत्रपिंडाच्या आधुनिक वैद्यकाचा पाया घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

तीच परीक्षा आज औषध लावलेल्या कागदी पट्टीने मिनिटा-दोन मिनिटांत होते. मधुमेह व रक्तदाब हे मूत्रपिंड निकामी होण्याचे आज सर्वांत मोठे कारण आहे. या दोन्हींत गाळणी हळूहळू फाटते व अगदी सुरुवातीला लघवीतून किंचित प्रथिन जाऊ लागते. त्या वेळी रोग्यास काहीच त्रास नसतो. तेव्हा रोग सापडला तर गोळ्या, पथ्य आणि साखर व रक्तदाबावरील नियंत्रण यांनी मूत्रपिंड पुष्कळ वर्षे टिकविता येते. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने वर्षातून एकदा तरी लघवीतील प्रथिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून स्वतःच आणून महिनोन्महिने खाणे हेही मूत्रपिंडास घातक आहे.

उन्हाळी लागणे आणि जंतू

लघवीला आग होऊन ती वारंवार थेंबथेंब होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. ऊन आणि कमी पाणी यांचा त्यात वाटा असतोच. परंतु पुष्कळ वेळा त्यामागे जंतू असतात. १८८५ साली जर्मन डॉक्टर एशेरिश यांनी आतड्यातील एक जंतू शोधून काढला. तोच आज ई. कोलाय म्हणून ओळखला जातो व मूत्रमार्गाच्या बहुतेक दाहांना तोच कारणीभूत असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्यामुळे त्यांना हा त्रास पुरुषांपेक्षा फार अधिक. थंडी वाजून ताप येणे व कमरेत दुखणे ही लक्षणे दिसल्यास जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असे समजून ताबडतोब डॉक्टरकडे जावे. गरोदरपणी तर काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात व ते आईला आणि बाळाला अपायकारक ठरतात. हे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. एडवर्ड कॅस यांच्या अभ्यासातून पुढे आले. लहान मुलांना हा दाह पुन्हा पुन्हा होत असेल तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण पडू शकतात. उतारवयातील पुरुषांत लघवी तुंबण्याचे नेहमीचे कारण म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ. ‘वय झाले, आता असेच व्हायचे’ म्हणून ती अंगावर काढू नये.

यंत्र आले, प्रश्न राहिले

दोन्ही मूत्रपिंडे बंद पडली की पूर्वी मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती. ही वाट प्रथम अडविली ती हॉलंडमधील कांपेन या लहान गावातील डॉ. विलेम कोल्फ यांनी. देश जर्मनांच्या ताब्यात, साहित्याची टंचाई. कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली, ते पिंप क्षारांच्या पाण्यात फिरवले व नळीतून रोग्याचे रक्त खेळविले. १९४३ साली काम सुरू झाले. पहिल्या सोळा रोग्यांपैकी पंधरा दगावले, तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे शुद्धीवर आली व पुढे सात वर्षे जगली. हेच आजचे डायलिसिस.

१९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी हातावर कायमची नळी बसविण्याची युक्ती काढली, त्यामुळे वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. पण यंत्रे थोडी आणि रोगी फार! तेव्हा तेथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. कोणास यंत्र मिळावे आणि कोणास मिळू नये, अर्थात कोणी जगावे आणि कोणी मरावे, हे ती ठरवी. तिकडे बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले व ते चालले. त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाले. पुढे गरिबांच्या मूत्रपिंडांची खरेदी-विक्री सुरू झाल्यावर १९९४ साली तिला बंदी करणारा कायदा संसदेने केला. २०१६ साली गरीब रोग्यांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस चार-चार तास यंत्राशी बांधून घ्यावे लागते. प्रवास, औषधे, बुडालेली मजुरी व सोबतीला येणाऱ्याचा बुडालेला रोज यांचा हिशेब कोणत्याही योजनेत पुरता मावत नाही. सिअ‍ॅटलची समिती राहिली नाही. तिचे काम आज पुष्कळ घरांत रिकामी पिशवी करीत असते.

या इतिहासाचा धडा

या साऱ्या इतिहासातून निघणारा धडा साधा आहे. शस्त्र व यंत्र हे शेवटचे उपाय आहेत. खरे राखण करतात ते पाणी, योग्य अन्न आणि वेळीच केलेली तपासणी. यांना फार पैसा लागत नाही. लागते ती माहिती, आणि संकोच बाजूला ठेवण्याचे धैर्य.

येथे शाळांचा संबंध येतो. आम्ही शिक्षक वर्गात नेहमी पाहतो की कित्येक मुली शाळेच्या वेळात पाण्याचा थेंबही घेत नाहीत. मुताऱ्या अपुऱ्या, अस्वच्छ, दाराला कडी नाही, पाणी नाही. मग लघवीला जाण्याची वेळच येऊ नये म्हणून तहान मारणे हाच त्यांचा उपाय. सकाळी घरून निघालेली मुलगी दुपारी घरी पोहोचेपर्यंत लघवी धरून ठेवते. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्रमार्गाचा दाह वारंवार होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचे त्यात वर्षभर निरीक्षण झाले. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त घेतले, त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे ज्या औषधाला एक पैसाही पडत नाही, ते आपण मुलींच्या ओठांपासून दूर ठेवीत आहोत!

शाळेच्या इमारतीचा निधी गोळा करताना आपण वर्गखोल्या, प्रयोगशाळा व ग्रंथालय यांचा विचार करतो व तो योग्यच आहे. त्या यादीत मुलींसाठी कडी-पाण्यासह स्वच्छ मुताऱ्या व पिण्याच्या पाण्याची टाकी ही बाब सर्वांत वर असावी. पाण्यासाठी मधली सुट्टी होईपर्यंत थांबवू नये. लघवीला जाण्याची परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्यास ‘आत्ताच काय?’ असे विचारू नये. पालकांनीही मुलाच्या चेहऱ्यावर सकाळी सूज दिसणे, लघवीला न जिरणारा फेस येणे, तिचा रंग चहासारखा होणे, तिच्यातून रक्त जाणे, या गोष्टी लपवू नयेत. निरोगी माणसाने लघवी फिक्या रंगाची राहील इतके पाणी प्यावे. मात्र ज्याचे मूत्रपिंड किंवा हृदय आधीच दुबळे आहे, त्याने डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे.

अल-झहरावीला आपल्या काळात शिकलेली स्त्री वैद्य सहजासहजी मिळाली नाही. आज आपल्याच शाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुली परिचारिका होत आहेत, डॉक्टर होत आहेत. त्यांपैकी एखादी उद्या मूत्ररोगांची तज्ज्ञ होऊन आपल्या गावी येईल आणि आजवर कोणापाशी तोंड न उघडलेल्या स्त्रिया तिच्यापाशी मोकळेपणाने बोलतील. तोपर्यंत निदान एवढे करू या की, ती आपल्या शाळेत बसली आहे तोवर तिला तहान मारावी लागू नये.